घरच्या सभेत पडलेला ठराव

मु. पो. दिंद्रुड,
९ एप्रिल १९८७

श्री. अर्जुनराव यांना गहिनीनाथाचा सादर रामराम.

तुमची तब्येत विचारत नाही. तुमच्या विहिरीला अजून गुडघाभर पाणी आहे असे ऐकतो, आणि या साली ज्याच्या विहिरीत पाणी त्याची तब्येत ठीकच असणार. आमच्याकडे टँकर एक दिवसाआड येतो आणि माझी तब्येत साफ बिघडली आहे. कारण तुमची धाकटी बहीण. (ती माझी बायकोही आहे, पण या पत्रापुरती तिला तुमची बहीणच समजावी.)

झाले असे. कडबा संपला, विकत घ्यावा तर सोन्याचा भाव, म्हणून माघात बैलजोडी बाजारात नेऊन विकली. त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही, एवढेच सांगतो. त्या पैशाचे काय करायचे ते मी मनाशी ठरवून टाकले होते. आमच्या भागात नवा सहकारी साखर कारखाना निघणार आहे, त्याचा शेअर घ्यायचा. शेअर घेतला की सभासद, सभासद झाले की मत, आणि मत असले की पुढारी आपल्या ओट्यावर येऊन चहा पितो.

आता चूक माझीच. मी पडलो सोसायटीचा पंच. आमच्या वार्षिक सभेत चेअरमन शहादेवराव ठराव वाचतात, सगळे "मंजूर, मंजूर" म्हणतात आणि भजी येतात. हीच रीत घरात आणावी म्हणून रविवारी दुपारी मी आई, तुमची बहीण आणि बायनाआत्या यांना ओळीने बसवले, ठराव वाचला आणि "मंजूर?" असे विचारले.

आई म्हणाली, "कारखान्याची भित तरी उभी हाय का?"

म्हणालो, नारळ फुटलाय.

"मग नारळातून साखर निघती का?"

बायनाआत्यांना (दहा वर्षे झाली, कानाशी ओरडले तरी ऐकू येत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे) त्या दिवशी मात्र सगळे ऐकू आले. "आरं, माणसाला टँकर लागतोय. उसाला काय पाजशील?"

राहिली तुमची बहीण. मला वाटले, नवऱ्याची बाजू घेईल. तिने दुसराच ठराव मांडला: शिलाई मशीन घ्यायचे. "रोजगार हमीच्या कामावर दीडशे बाया हायत. दगड उचलून समद्यांच्या चोळ्या काखेत उसवल्यात. शिवायला कुटं जावं त्यांनी?" तीन मते तिला, एक मला. मी म्हणालो, घर म्हणजे काय सोसायटी हाय? तर आई म्हणते, "मग सभा कावून बोलावली?"

मशीन आले. बैलांच्या दावणीपाशी ठेवले, उजेड तिथेच पडतो म्हणून. आठ दिवस मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. तुमची बहीण सकाळीच त्याच रोजगार हमीवर, पाझर तलावाच्या कामावर जाते (चालू मजुरी सोडायला ती काय वेडी आहे?) आणि दिवस मावळायला कंबर धरून येते. मग मशीन चालवणार कोण, हे सभेत कोणीच विचारले नव्हते! मी ते संतापून विचारले. तिने नुसते माझ्याकडे पाहिले. रानात काम नाही, दावणीला बैल नाहीत, दिवसभर मी ओट्यावर.

मशीन कुचकामाचे आहे हे दाखवायलाच मी त्यावर बसलो. दोरा अकरा वेळा तुटला, सुई बोटात गेली आणि उशीची एक खोळ तयार झाली. तिने ती उलटी करून शिवण पाहिली. म्हणाली, "सरळ आलीय की. तुमी पेरताना तिफण धरता तशी." त्यावर मला काय वाटले ते इथे लिहीत नाही.

आता शहादेवराव रस्त्यावरून ओरडतात, "पंच, आमालाबी एक चोळी टाका की!" तुम्हीच सांगा, सोसायटीच्या पंचाने बायकांच्या चोळ्यांना हुक लावत बसावे? हा कुठला न्याय? तुम्ही वडील आहात. एकदा येऊन तिला चार शब्द सुनावा. रागात काही जास्त लिहिले असेल तर तुमच्या बहिणीकडे बघून पोटात घाला. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
गहिनीनाथ

ता. क. इतक्यात येऊ नका. लगीनसराई तोंडावर आली, एकोणीस झंपर द्यायचे आहेत. बोलायला सवड नाही.

ता. क. दुसरा. तुम्ही सिरसाळ्याला शाळेच्या कमिटीत आहात. जूनला पोरांचे गणवेश निघतील, ते काम दुसऱ्या टेलरला देऊ नका. काजे मी हाताने करतो, सुटत नाहीत. दर आज लिहीत नाही. ती कामावरून आली की विचारून कळवतो.