कोरं उत्तर

गडचिरोली, गुरुवार, जुलै २००४

डोक्यातून जाऊनच नाई राह्यलं. नर्सिंगची निवड दाखवणारा प्रोग्राम माझाच. नंबर टाकला की तो नागपूरच्या सर्व्हरकडून उत्तर मागवतो. दुपारी फोनलाइन तुटत होती, उत्तर कोरंच यायचं. आणि कोरं आलं तर ‘निवड नाही’ दाखव, असं मीच लिहून ठेवलेलं! काऊन?

एटापल्लीकडच्या खेड्यातून निकाल पाहाले आलेल्या सुनंदालेही तेच दिसलं. ती म्हणाली, “भाऊ, अजून एकदा पाहा ना.”

“कंप्यूटर खोटं बोलत नाई, बाई.”

ती गेली.

आत्ता चूक दुरुस्त करून तिचा नंबर टाकला. निवड झाली आहे. अजून एकदा पाहिलं असतं तर...

तिच्या गावात फोन नाई. सकाळच्या बसच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी देतो. ‘निवड झाली, शनिवारी हजर हो,’ एवढं लिहिलं. खाली माझं नाव टाकाले हात धजत नाई.