देवळाच्या छपरावरची थेआनोआत्या

नाउपाक्तोस बंदर,
द्राक्षतोडणीचा महिना, दिवस दहावा

चि. सोसिआस यास थोरल्या बहिणीचे अ. उ. आ.

तुझी कौलं सुखरूप पोचली, एकही फुटलं नाही. देवळावर चढलीसुद्धा. वळचणीला ओळीनं सोळा गॉर्गो राक्षसिणी: केसांत साप, सुळे बाहेर, जीभ लोंबती. आता गावाला दृष्ट लागायची टाप नाही, असं पुजारी म्हणाला. कोरिंथच्या कारखान्यात हे घडवणारा आमचा सोसिआस, म्हणून मी मिरवत पुढेच उभी होते.

तेवढ्यात मासेवालीनं वर बोट केलं आणि साऱ्या गर्दीला ऐकू जाईल असं म्हणाली, की बायांनो, ही तर आपली थेआनो! तेच पुढे आलेले दोन दात, तेच बसकं नाक. लोक पोट धरून हसले. आत्या माझ्या शेजारीच होती. तिनं वर पाहिलं, वस्त्राचा काठ तोंडाशी धरला आणि घरी निघून आली. आज आठ दिवस झाले, झऱ्यावर पाण्याला गेलेली नाही. पोरं दारावरून जाताना जीभ काढून दाखवतात.

मी सगळ्यांना ठणकावलंय, हा निव्वळ योगायोग. आईमागं जिनं तुला वाढवलं तिची अशी थट्टा तू कशी करशील? तेवढं चार ओळींत लिहून पाठव, झऱ्यावर सगळ्यांसमोर वाचते. आणि भट्टीपुढून उठून घामेजल्या अंगानं वाऱ्यात बसू नकोस. तुझं काही खरं नसतं.

माया आहेच, ती वेगळी काय लिहू.
तुझी ताई,
मेलित्ता

कोरिंथ,
त्याच महिन्याचा विसावा दिवस

ती. मेलित्ताताईस सा. न. वि. वि.

तू मागितलंस ते मला लिहिता येत नाही. तो योगायोग नाही.

गॉर्गोला, पाहताच माणूस उलट्या पावली पळेल असं तोंड कर, असं उस्तादांनी सांगितलं. बाकीच्यांनी तिला लांडग्याचं, घुबडाचं तोंड दिलं. मी माती हातात घेतली आणि आत्याचे दात केले. नकळत नव्हे, ताई. कळत होतं. उस्तादांनी पाठ थोपटली तेव्हा छाती फुगली होती माझी.

आणखी एक आहे, ते तुला ठाऊक नाही. मागच्या वसंतात आत्या सुकी अंजीरं आणि चीज घेऊन इथे आली होती. दारात उभी होती. सोबत्यांनी विचारलं, ही कोण. मी म्हणालो, गावाकडच्या शेजाऱ्यांची दासी. तिनं ऐकलं. बोचकं खाली ठेवलं आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, की मालक, हे इथंच ठेवू का? मी मान हलवली. ती तशीच पुढच्या होडीनं परत गेली.

तिच्यापुढे कुठल्या तोंडानं येऊ? तूच सांग.

रागावलीस तरी टाकू नकोस.
तुझा,
सोसिआस

नाउपाक्तोस,
पेरणीचा महिना, दिवस तिसरा

चि. सोसिआस यास आ.

तुझं पत्र आत्याला वाचून दाखवलं. दासीचा मजकूर गाळला, तर तिनं विचारलं, मध्येच का अडखळलीस? मग तिनंच तो सगळा सांगितला, शेंगा सोलता सोलता.

तिचा निरोप तिच्याच शब्दांत देते. दात बरोबर जमलेत म्हणे. पण आपण उभ्या जन्मात कुणाला जीभ दाखवलेली नाही, ती मेल्यानं पदरची घातली. कौलं फोडायची नाहीत, देवी भिजेल. आणि पत्रं पुरे, स्वतः ये.

आता माझं ऐक. तुला शिव्या घालायला बसले होते, पण हात अडतो. पहिल्या नजरेतच मी तो चेहरा ओळखला होता. मासेवाली बोलली तेव्हा मीही हसले, सोसिआस. आत्यानं माझ्याकडे पाहिलं तेव्हा हसू गिळलं. योगायोग, योगायोग म्हणून गावभर ओरडत होते ती त्यामुळेच.

ये. दोघं मिळून मान खाली घालू.
मेलित्ता

कोरिंथ,
पेरणीचाच महिना, शेवटचा दिवस

ती. ताईस सा. न. वि. वि.

गावाहून परतताना समुद्र खवळलेला होता, पण पोचलो.

आत्याची घागर माझ्या डोक्यावर बघून बाया फिदीफिदी हसल्या, ते बरंच झालं. झऱ्यावर मी जे बोललो ते तू ऐकलंसच: वरचा चेहरा हिचा, ही माझी आत्या, हिनं मला वाढवलं आणि मी हिला दासी म्हणालो. आत्या मात्र वैतागली. पुरे झालं, घागर भर, मागे रांग खोळंबलीय, म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती एकटीच पाण्याला गेली, हे मागून आलेल्या तुझ्या पत्रातून कळलं तेव्हा कुठे मला भूक लागली. पण वाटेत ती अजून तोंड झाकते, हेही तू लिहिलंस. ते माझ्यानं पुसलं जायचं नाही.

इकडे दुसऱ्या देवळासाठी आठ गॉर्गोंचं काम आलं. काशाचा आरसा समोर ठेवला, ओठ मागे ओढले आणि दिसलं तसं केलं. वाळत घातल्यावर सोबती जमले, हे ध्यान कुणाचं म्हणून खिदळायला लागले. माझं, म्हणालो. आत्यावर गेलोय.

तिला माझा साष्टांग. लोभ उरला असेल तेवढा असू द्या.
तुमचा,
सोसिआस