प्रत्येक वाक्य दोनदा

प्रिय रिटेक,

हे नाव तुला अजून चालतं की नाही, माहीत नाही. वर्गानं ठेवलेलं नाव, कारण कुठलंही चित्र एकदा काढून तुझं समाधान झाल्याचं कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या नावानं हाक मारायला जीभ वळत नाही, म्हणून तेच लिहितो.

पत्र बघून दचकू नकोस. भांडायला लिहीत नाहीये. म्हणजे भांडण आहे, पण ते तुझ्याशी नाही, आपल्या त्या चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीशी आहे, आणि ते ऐकून घ्यायला तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. आईला सांगायला गेलो तर ती म्हणाली, घेतलंस ना एकदा, मग परत कसले पैसे? म्हटलं, विकत नाही गं, भाड्यानं. तर म्हणते, मग सोडून दे ना ती खोली. तिच्या डोळ्यांसमोर खोलीच आली. आणि तिचं चुकलं तरी कुठे? आपलं सगळं सामान त्या खोलीत, किल्ली घरमालकाच्या कमरेला, आणि घरमालकानं पुन्हा भाडं वाढवलंय.

महिन्या-महिन्याला पैसे भरायची सोय बंद झाली. आता वर्षाचे एकदम, आगाऊ, तेही वाढीव. मेलचा मथळा काय, तर ‘आनंदाची बातमी’. का वाढवले, तर म्हणे आता ते आपण होऊन चित्र काढतं. आपण नुसतं ‘छत्री’ लिहायचं. मी लिहून बघितलं. छान काढली, जाहिरातीत असते तशी गुळगुळीत. आपण दोघं कॉलेजात करत होतो त्या ॲनिमेशन फिल्ममधल्या छत्रीची एक काडी मोडकी होती, आणि त्या काडीपायी तू मला आठवडाभर पिळून काढलं होतंस. ह्या शहाण्याला मोडकी काडी काही केल्या जमेना. जे मी मागितलं नाही आणि ज्याला ते येतही नाही, त्याचे पैसे मी का भरायचे? डोकं फिरलं. मदतकेंद्रावर तक्रार लिहायला गेलो तर तिथेही यंत्रच. मी लिहिलं, मला माणसाशी बोलायचंय. उत्तर आलं, आपण ‘एक माणूस’ योजनेबद्दल विचारत आहात का? ती योजना बंद झाली आहे. हसू नकोस. नाही, हस. तू हसलीस तर बरंच वाटेल.

थोडक्यात, नवे पैसे भरले नाहीत तर महिनाअखेरीला खातं बंद, आणि खात्याबरोबर आपली अर्धवट राहिलेली फिल्मही गेली. फाइलचं नाव दिसत राहील म्हणे, फक्त उघडणार नाही.

मी सध्या पाट्या आणि फलक करणाऱ्या एका दुकानात कामाला आहे. दुकान म्हणजे बोळासारखी लांब खोली. पुढे काउंटर, मध्ये माझा कॉम्प्युटर, मागे छपाईचं मशीन, आणि शाईचा वास असा की घरी गेल्यावर आई आधी शर्ट मागते, मग तोंड बघते. मालक कंपनीच्या नावानं रोज सकाळी नेमानं शिव्या घालतात. परवा कात्री हातात घेऊन म्हणाले, ही मी एकदाच घेतली, ही माझी. उद्या ही म्हणेल, दर महिन्याला माझ्या पाया पड, नाहीतर कापणार नाही. त्यांनी दुकानाचं बहुतेक काम एका फुकटच्या प्रोग्रॅमवर नेलंय. त्यात जोडाक्षरं उसवतात. दवाखान्याच्या पाटीवर एकेक अक्षर मी हातानं शिवत बसतो. माझं खातं मात्र मी चालू ठेवलं होतं, माझ्या पगारातून, आणि दुकानाचं अडलेलं काम त्यावर करायचो. सुट्टीच्या दिवशी दुकानांची शटर रंगवून वरचे पैसे काढायचो. धाकटी बघत होती सगळं. एकदा जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, दादा सॉफ्टवेअरचं नाही, विरहाचं भाडं भरतोय. तिच्या ताटातली पोळी मी ओढून घेतली. पण शेंबडी खरं बोलत होती.

कॉलेज सोडलं तो दिवस तुला आठवतच असेल. विभागप्रमुखांनी सभागृहात जाहीर केलं, पुढच्या वर्षीपासून सॉफ्टवेअरचा खर्च ज्यानं त्यानं करायचा, फी मात्र तीच राहील. मी उभा राहिलो. तू माझी बाही ओढलीस. मी अजून जोरात बोललो. मग दप्तर उचललं, तुला म्हणालो, चल, आणि दारापर्यंत जाऊन मागे बघितलं तर तू खुर्चीतच. तुझं बरोबर होतं. काकांच्या, तुझ्या बाबांच्या, निवृत्तीच्या पैशांवर तू त्या खुर्चीत बसली होतीस, ती खुर्ची माझ्या रागासाठी रिकामी करायची नव्हती. माझंही बरोबर होतं, असं मला अजून वाटतं. दोघांचंही बरोबर असलं की भांडण मिटवायचं कुणी, तेवढं मात्र कळलं नाही.

खातं तेवढं दोघांचं राहिलं. पैसे माझे आणि फोन नंबर तुझा. खातं उघडलं तेव्हा माझा फोन फुटलेला होता. कसा फुटला ते लिहीत नाही, भिंत साक्षीदार आहे. म्हणून नंबर तुझा टाकला आणि तो बदलायचं राहिलं. मग कंपनीला संशयाचा रोग जडला. एका खात्यावर दोघं तर बसत नाहीत ना, म्हणून मधूनच बाहेर काढायचं आणि नंबरवर कोड पाठवायचा. सहा आकडे. तो कोड तुझ्या फोनवर यायचा आणि तू मला पाठवायचीस. वर ‘कसा आहेस’ नाही, खाली ‘बरं’ नाही, फक्त सहा आकडे. ह्या कोडला सगळं जग शिव्या घालतं. मालक तर म्हणायचे, आपल्याच घरात शिरायला रोज पंचनामा. मी मात्र वाट बघायचो. काम चालू असताना पडद्यावर कोड मागणारी पाटी आली की गिऱ्हाईक कपाळाला हात लावायचं, आणि माझ्या छातीत लख्ख व्हायचं. आपल्या निरोपांच्या खिडकीत आज नुसत्या आकड्यांची रांग आहे. मी ती वरपासून खालपर्यंत वाचतो. वाचण्यासारखं काय आहे, असं विचारू नकोस. सकाळी आकडे यायचे ते पटकन यायचे, म्हणजे तू घरी आहेस. दुपारी उशिरा, म्हणजे वर्गात आहेस. एकदा आकड्यांच्या मागे चुकून एक टिंब आलं होतं, त्यावर माझा आठवडा निघाला.

म्हणूनच हे पत्र कागदावर लिहितोय. त्या आकड्यांच्या रांगेत शब्द घुसवायचा धीर होत नाही.

आता काकांबद्दल लिहायचंय, आणि इथे मघापासून तीनदा पेन ठेवलं.

आपण फिल्मसाठी त्यांचा आवाज घेतला ती दुपार. तुमच्या घरातलं कपाट रिकामं करून त्याला आतून गोधड्या लावलेल्या, तुझी आई बाहेरून विचारतेय की माझ्या साड्या गेल्या कुठे, आणि काका त्या कपाटात स्टुलावर, हातात कागद, कपाळावर घाम. उभं आयुष्य बसस्थानकावर गाड्या पुकारलेला माणूस. सगळं गाव त्यांच्या आवाजावर धावायचं आणि त्यातल्या कुणालाही त्यांचा चेहरा माहीत नव्हता. मला त्यांनी त्याच दिवशी स्टोव्ह नाव ठेवलं. दोन पंप मारले की भडकतो, म्हणाले, पण अन्न शिजतं ह्याच्यावर. आपली फिल्म किती साधी होती, स्थानकावर विसरलेल्या छत्रीची गोष्ट. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि पहिलंच वाक्य दोनदा म्हणाले. तू म्हणालीस, बाबा, एकदाच. हो हो, म्हणाले, आणि पुढचं वाक्यही दोनदा. शेवटी तू कपाळ बडवून घेतलंस. तेव्हा ते बाहेर डोकावून म्हणाले, अगं, पहिल्यांदा माणसाला एवढंच कळतं की काहीतरी सांगतायत. ती गाडी आपली आहे, हे दुसऱ्यांदा कळतं. दुसऱ्यांदा म्हणताना ते आवाज थोडा खाली आणायचे. आपण फिल्ममध्ये प्रत्येक वाक्य एकदाच ठेवलं, पण दुसरं पुसलं नाही. ते सगळं फाइलमध्ये खालच्या ट्रॅकवर तसंच पडून आहे, आवाज बंद करून. मधला खोकलाही आहे. पाणी पिऊन ‘हं, पुढे’ म्हणालेले आहेत तेही आहे. स्थानकावर ते रोज तोंडानं पुकारत आले, त्याचं कुणी काही साठवून ठेवलेलं नाही. ते निवृत्त झाले आणि तिथे यंत्राचा आवाज आला, जो सगळ्या गावांची नावं एकाच सुरात घेतो.

मधे एका दुपारी दुकानात एक हॉटेलवाला दरपत्रक करून घ्यायला बसला होता. कंपनीनं बाहेर काढलं. मी कोड मागवला. यायला वेळ लागला. मग आले, पण दोन आकडे उलटसुलट. खातं उघडेना. लगेच पाठोपाठ दुसऱ्यांदा आले, बरोबर. मी मनात म्हणालो, रिटेक, आणि खूप दिवसांनी एकटाच हसलो. हॉटेलवाल्यानं विचारलं, लॉटरी लागली का? त्याला चहा पाजला मी.

दोन दिवसांनी तुझा आतेभाऊ एक फोटो मोठा करून घ्यायला आला. मी काउंटरवर नव्हतो, मालकांनी घेतला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. काका माइकसमोर बसलेले, एक हात कानामागे. मी आधी खूश झालो, म्हटलं, सत्कार दिसतोय. मग खाली टाकायचा मजकूर वाचला, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. काम दुसऱ्या कुणाला देऊ का, असं मालकांनी विचारलं, त्यांना माझं तोंड बघून काय ते कळलं असावं. मी नाही म्हणालो. त्यांच्या कॉलरवरची घडी नीट केली, मागचा डाग काढला. तुला चाललं असतं अशी होईपर्यंत कडा पुन्हा पुन्हा केली. शेवटी तारीख टाकायची होती. ती टाकताना आपल्या आकड्यांची रांग उघडून बघितली. तीच दुपार होती. मी हॉटेलवाल्याला चहा पाजत होतो ती.

तू कुठे बसून पाठवलेस गं ते आकडे? इस्पितळाच्या कुठल्या बाकावर? फोन का फेकून दिला नाहीस? एक शब्द लिहिला असतास, नुसतं ‘बाबा’ लिहिलं असतंस, तर मी असेन तसा धावत आलो असतो. आणि नाही लिहिलंस तेही समजतं. फोटो करून झाल्यावर त्याच संध्याकाळी मी तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आलो होतो. बाहेर चालक आणि वाहक गणवेशातच उभे होते, गाड्या सोडून आलेले. आत शिरलो तर कोण म्हणून शिरू, हे ठरेना. मी तसाच परत फिरलो.

आता पत्राचं कारण. वर्षाचे पैसे मी कसेबसे उभे करू शकतो. कॉम्प्युटरला जोडायची ती चित्र काढायची डिजिटल पाटी विकली तर जमेल, पण मग सॉफ्टवेअर घेऊन त्यात काय गिरवू? आणि पुढच्या वर्षी परत वाढवतील, परत विकायला काही उरलेलं नसेल. काकांचा आवाज असा भाड्याच्या खोलीत ठेवायचा नाही, एवढं ठरवलंय. पण तो बाहेर काढायला एकदा आत जावं लागेल, आणि कंपनीनं मला परत बाहेर काढलंय. त्या दुपारनंतर तुझ्याकडे कोड मागायची हिंमत झाली नाही. म्हणून आधी हे सगळं सांगतोय, म्हणजे फोन वाजला की तो कशासाठी, हे तुला ठाऊक असेल. ह्या रविवारी दुकान बंद आहे, किल्ली मालकांनी दिलीये. तू आकडे पाठवलेस की मी त्यांचं सगळं बोलणं काढून घेईन, पहिलं वाचन, दुसरं वाचन, खोकला, ‘हं, पुढे’, सगळं. ते साध्या फाइलमध्ये असेल, कुठल्याही फोनवर वाजेल, कुणाला भाडं न देता. आतेभावाच्या हाती तुझ्याकडे पोचवीन. मग खातं बंद करीन. त्यानंतर तुझ्या फोनवर माझ्यासाठी काही येणार नाही, आणि माझ्या फोनवर तुझ्याकडून काही येणार नाही. बसस्थानकाच्या बाकावर एकदा मी तुला काहीतरी म्हणालो होतो, तेवढ्यात काकांनी गाडी पुकारली आणि तू कानाला हात लावून ‘काय?’ विचारलंस. मी म्हणालो, काही नाही. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं.

रविवारी सकाळी दहा वाजता तुझ्या फोनवर सहा आकडे येतील. पुन्हा एकदा सांगतो, रविवारी सकाळी दहा वाजता तुझ्या फोनवर सहा आकडे येतील.

तुझाच,
पुन्हा एकदा, तुझाच,
स्टोव्ह