पेत्रोनाबाई आभार मानत नाहीत

कोर्दोबा, बुधवार

ती. एवारिस्तोमामांना नेलिदाचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आणि मामींचा राग, दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. तुमची बकरी पेत्रोना खुशाल आहे (माझ्यापेक्षा जास्तच).

बकरी नेलीस कशाला, असं विचारलंत, तर ऐका. तहान घशाला लागते हा आपला गैरसमज. मेंदूत एक संप्रेरक पोचलं, की पोट तुडुंब भरलेलं जनावरही पाण्यावर तुटून पडतं. एवढं समितीला दाखवलं तर माझी नोकरी कायम, नाही तर तुमच्याकडे लेंड्या झाडायला येणार होते (मामींनी झाडू काढून ठेवला असेलच).

सोमवारी समिती आली. पेत्रोना बादलीकडे पाठ फिरवीपर्यंत तिला पाणी पाजलं, मग डोक्यात बसवलेल्या बारीक नळीतून थेंब सोडला. बाईसाहेब ढिम्म. तेवढ्यात समितीने माते काढला, कारण या देशात हा कडू पाल्याचा चहा प्यायल्याशिवाय कोणी कोणाला नापासही करत नाही. ओतायला अध्यक्ष बालेस्तेरो (वय असं, की विद्यापीठ त्यांच्या मांडीवर वाढलं असावं). रीत तुम्हाला काय सांगायची: एकच तुंबा आळीपाळीने फिरतो, आणि 'आभार' म्हणेपर्यंत कोणाची सुटका नाही. पेत्रोना सरळ घोळक्यात घुसली. अध्यक्षांनी तिला बशीत ओतून दिलं. प्यायली. पुन्हा दिलं, पुन्हा प्यायली. मी म्हटलं, "सर, पुरे आता." तर म्हणाले, "पोरी, ती आभार म्हणाली का? मग मी कसा थांबू?" दोन किटल्या संपल्या. माणसं एकेक करून आभार म्हणत सुटली, बकरी एकटी उरली. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "हिला म्हणतात तहान," आणि माझ्या नेमणुकीवर सही ठोकली. मी रडले, मामा, चारचौघांत रडले.

तुमची भाची,
नेलिदा

ता. क. सोमवारीच संध्याकाळी फ्रीज उघडला, तर संप्रेरकाची बाटली सीलबंद. बकरीच्या डोक्यात गेलं ते तुलनेसाठी ठेवलेलं नुसतं सलाइन. तुम्ही अंगणात रोज कोणाबरोबर माते पीत बसता, ते आता कळलं.

आणखी एक. काल खरा थेंब दिला. पोट भरलेलं असूनही बाईंनी अख्खी बादली संपवली. शास्त्र खरं निघालं, मामा, खोटी आहे ती फक्त सही. पण हे सांगायला जावं तर सोमवारचंही सांगावं लागेल.

आणि खरं काम हे. शुक्रवारच्या ट्रकने बकरी पाठवतेय. रविवारी समिती तुमच्याकडे येणार, औषधाशिवाय ती कशी वागते ते बघायला. किटली लपवा. ते तुमच्याच्याने होणार नसेल (होणार नाही, मी ओळखते तुम्हाला), तर तोवर पेत्रोनाला आभार म्हणायला शिकवा.