लिंबोणीजवळचा खड्डा

राळेगाव,
१ मार्च

आदरणीय भगवानराव,

राळेगावहून बबन राऊतचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आमच्याकडे सगळे ठीक असून आपल्याकडेही तसेच असावे, असे लिहिण्याची पद्धत आहे. पण आपल्याकडे तसे नाही हे मला पक्के ठाऊक असल्याने लिहायला पेन धजत नाही. तरी विचारतो. पायाची सूज उतरली का? प्लास्टर आणखी किती दिवस ठेवायला सांगितले आहे? आत खाज सुटली तरी उलथणे वगैरे घालून खाजवू नये, असा सुरभीचा निरोप आहे. (ती पशुधन पर्यवेक्षक असली तरी हे तिने माणसांसाठीच सांगितले आहे.) वहिनींना माझा व विमलचा नमस्कार. चि. रजत यांना आशीर्वाद. (नुसते 'रजत' लिहावे की 'रजतराव', यावर काल आमच्या घरी जेवण थंड झाले. 'राव' लावले तर जावई धरून चाललो असे दिसते, न लावावे तर मुलगा पसंत नाही असे दिसते. शेवटी विमल म्हणाली, 'चि.' लिहा आणि जेवा.)

हे सगळे फोनवरही बोलता आले असते. पण मी फोन केला की आपण भारदस्त आवाजात 'बोला' म्हणता, आणि माझे बोलणे तिथेच संपते. आपण मुलगी पाहून गेलात त्याला आज तीन आठवडे झाले. इतर मंडळी निदान 'कळवतो' म्हणून जातात; मग मुलीच्या बापाला कशाची वाट पाहायची ते तरी समजते. आपण गाडीत बसताना फक्त 'अगं आई गं' म्हणालात. हा होकार धरायचा की नकार, हे स्थळ सुचवणाऱ्या नलूबाईंनाही सांगता येईना, आणि त्यांनी आजवर एकवीस लग्ने जुळवली आहेत. आपल्यापासून काय लपवायचे, याआधी चार जण सुरभीला पाहून गेले, आणि गुराढोरांत हात घालणारी मुलगी नको म्हणून चौघांनीही पाठ फिरवली. आपल्या रजतने मात्र नलूबाईंना पहिलाच प्रश्न विचारला की आमच्या चौदा म्हशींपैकी एक पाय ओढते, ती मुलगी बघून देईल का. तेव्हापासून मी या सोयरिकीला जीव लावून बसलो आहे. म्हणून ती एका खड्ड्यापायी मोडू नये, आणि आमच्या घराबद्दल आपला गैरसमज राहू नये, यासाठी बागेची सगळी हकीकत लिहितो.

मुळात आपल्याला बागेत का बसवले, इथून सुरुवात करायला हवी. पाहुणे बसवायच्या आमच्या पुढच्या खोलीत यंदाचा कापूस आहे. भाव चढेल म्हणून दिवाळीपासून ठेवला, तो आता छताला टेकला आहे. भिंतीवरच्या घड्याळाचा बारा ते तीन एवढाच तुकडा दिसतो, त्यामुळे दुपारनंतर किती वाजले ते आम्ही शेजारी विचारतो. त्या खोलीत पाच मिनिटे बसलेला माणूस घरी जाऊन दोन दिवस अंग खाजवतो. होणाऱ्या (किंवा न होणाऱ्या) पाहुण्यांना अंग खाजवत पाठवणे बरे दिसले नसते. आणि खरे सांगायचे तर बागेचा मला थोडा गर्वही होता. जागा दीडच गुंठा, पण तिच्यात सुरभीचा मोगरा, विमलची वांगी, सीताफळ, कढीपत्ता, चार गुलाब आणि कागदी लिंबाची लिंबोणी. विजेच्या खांबाला आधार देणाऱ्या तारेचा ताण आमच्या कुंपणात रोवलेला आहे, त्यावर वालाचा वेल चढवला होता. शेंगा काढायला विमल स्टुलावर उभी राहायची. वीस वर्षे शेणखत घालून ती जमीन मी अशी केली होती की बोट घातले तर दुसऱ्या पेरापर्यंत जावे.

तर जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात फाटकातून चार माणसे आत आली, 'राम राम काका' म्हणाली, मोगऱ्याच्या मधोमध पांढरी फक्की मारली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी मशीन आले. हे नळयोजनेचे लोक. त्यांचा मुकादम प्रेमसिंग, जवळच्याच तांड्यावरचा, पन्नाशीचा, अत्यंत गोड माणूस. मोगरा उपटतानासुद्धा तो मोगऱ्याची चौकशी करत होता. रस्ता सोडून माझ्या बागेतून पाइप का, असे मी विचारले, तर म्हणाला, "काका, रोडच्या बाजूनं खडक लागून राह्यला. तुमची जमीन कशी, लोण्यावानी हाये." मी वीस वर्षे शेणखत कशासाठी घालत होतो ते मला त्या दिवशी कळले. दारात कामाला आलेल्या माणसाला उपाशी ठेवणे आमच्या विमलला जमत नाही, त्यामुळे जे लोक आमची वांगी उपटत होते त्यांनाच आम्ही दुपारी त्या वांग्यांची भाजी वाढत होतो. त्यांना ती फार आवडली. दोन दिवसांचे काम सहा दिवस चालले.

सहाव्या दिवशी मशीनच्या दातात आमच्या घराची विजेची तार आली. मग वीज कंपनीचे लोक आले. त्यांनी तुटलेल्या तारेचे दुसरे टोक शोधायला आडवी नाली खोदली, टोक सापडले नाही, पण नळाचा नवा पाइप मात्र अचूक सापडला आणि फुटला. जाता जाता त्यांच्या लाइनमनचे लक्ष ताणावरच्या वालाकडे गेले. वेलातून करंट उतरतो म्हणून त्याने तो बुडापासून कापला, आणि शेंगा आपल्या डब्यात भरून घेतल्या. (त्या शेंगांत करंट नसावा, दुसऱ्या दिवशी तो ठणठणीत होता.) पाठोपाठ इंटरनेटवाले आले. हे खाजगी, म्हणून बूट घालून होते. मी म्हटले, दोन नाल्या आयत्या आहेत, त्यांतूनच तुमची तार न्या. त्यावर त्यांच्या साहेबाने मला समजावले की दुसऱ्या कंपनीच्या नालीत हात घालायची त्यांना परवानगी नाही. मग त्यांनी कायदेशीरपणे तिसरी नाली खोदली.

नळयोजनेने पाणी सोडून पाहिले त्या सकाळी नळाला काही आले नाही, गुलाबांना आले. तेही बुडातून उसळून, विमलच्या खांद्याएवढे. मी तिन्हीकडे तक्रारी केल्या. नळवाले म्हणाले वीजवाल्यांनी पाइप फोडला, वीजवाले म्हणाले नळवाल्यांनी तार तोडली, आणि इंटरनेटवाल्यांच्या फोनवर एक बाई मला फार आपुलकीने म्हणाली की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. हे मी नालीत उभा राहून ऐकले. अशात नलूबाईंचा निरोप आला की मंडळी आठ फेब्रुवारीला, रविवारी येतात. मी प्रेमसिंगचे पाय धरायचेच बाकी ठेवले. तो म्हणाला, "टेन्शन कायले घेता काका? ऐतवारपर्यंत चकाचक करून देतो." शनिवारपर्यंत त्याने ढिगारे तेवढे कडेला सारले. नाल्या तशाच राहिल्या, कारण बुजवण्याआधी कोण्या साहेबाने येऊन पाहायचे असते आणि साहेब लग्नाला गेला होता.

तेव्हा तीन नाल्यांवर तीन फळ्या टाकल्या, त्यांतली एक आमच्या न्हाणीघराचे दार होती, आणि वर सतरंजी अंथरली. (म्हणूनच वहिनींना हात धुवायला शेजारी पाठवले.) पाहुण्यांचा तोल जायला नको म्हणून प्रेमसिंग सुटीच्या दिवशी, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फळ्या धरायला आला होता. आपण तिन्ही फळ्या पार केल्यात, खुर्चीवर बसलात, सुरभीने आणलेले पोहे घेतलेत. सगळे कसे मजेत चालले होते. मग आपली नजर लिंबोणीकडे गेली आणि आपण उठलात. मी 'बसा ना' म्हटले. दुसऱ्यांदा 'बसा' म्हटले. तिसऱ्यांदा जरा ओरडलोच, पण आपल्याला तो आग्रह वाटला. लिंबोणीजवळ एक पोते अंथरलेले होते, त्यावर आपण पाय ठेवलात, आणि एका पायाने गुडघ्यापर्यंत जमिनीत गेलात.

पुढचे आपल्याला माहीतच आहे. पण वेदनेत माणसाचे लक्ष नसते, म्हणून मी काय पाहिले ते सांगतो. मी आणि नलूबाई नुसते 'अरे अरे' करत होतो. रजतने आपल्याला पाठीमागून आधार दिला. सुरभी नव्या साडीत मातीत बसली आणि पायाभोवतीची माती खुरप्याने काढू लागली. "काका, पाय सैल सोडा. ओढू नका," असे ती ज्या आवाजात म्हणाली त्या आवाजात ती बैलांशी बोलते. आपण लगेच सोडलात. (बैलही सोडतात.) पाय बाहेर आल्यावर तिने घोटा चाचपून हाडाला चीर असल्याचे सांगितले, आणि यवतमाळच्या डॉक्टरांनी फोटो काढून तेच सांगितले. त्या दहा मिनिटांत रजत आणि ती एकमेकांना 'इकडे धरा', 'जरा उचला', 'बस, बस' एवढेच बोलले, पण वर्षानुवर्षे एकत्र काम केल्यासारखे बोलले. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात माझ्या मुलीला इतके नीट आजवर कोणी पाहिले नव्हते.

मग आपण विचारलेत, "हा गड्डा कोनाचा हाये?" मी म्हणालो, नळयोजनेचा. त्यावर आपण प्रेमसिंगला जे बोललात ते आपल्या जागी कोणीही बोलला असता.

तर भगवानराव, एकूण दोष तीन कंपन्यांचा आहे. त्यात आमचा काही नाही आणि मुलीचा तर मुळीच नाही. हे सगळे ध्यानात घेऊन, पाय बरा झाल्यावर सवडीने, दोन शब्द कळवावेत. वाट पाहत आहे.

आपला नम्र,
बबन राऊत

ता. क. : आपली उजवी चप्पल खड्ड्याच्या तळाशी सापडली. धुऊन, तेल लावून या पत्रासोबत एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवत आहे.

ता. क. २ : वरचे पत्र लिहून दोन दिवस झाले, पण टाकवत नाही. नलूबाई सांगत होत्या की आपण ठेकेदाराकडे लेखी तक्रार देणार आहात. कृपा करून देऊ नका. प्रेमसिंगचे काम जाईल, आणि तो खड्डा त्याचा नाही. वीजवाल्यांचा नाही, इंटरनेटवाल्यांचाही नाही. माझा आहे. शनिवारी दुपारी विमल भजनाला आणि सुरभी दवाखान्यात गेली असताना मी तो लोखंडी सब्बलीने, हाताने खोदला. महिनाभर जो आला तो माझी बाग खोदून गेला, माझेही हात शिवशिवत होते. शिवाय नाल्या बुजल्या की वरून सिमेंट टाकणार असे प्रेमसिंगच्या बोलण्यात आले होते. मग लग्नाच्या मांडवाची मुहूर्तमेढ कुठे रोवायची, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. मुलगी अजून पाहिली नाही, तारीख नाही, कुंकू नाही, आणि बाप मांडवाचा खड्डा खोदून वर पोते घालतो! विमललाही सांगितले नाही, इतकी लाज वाटली. आपल्यापुढे तर जीभच वळली नाही, म्हणून त्या गरिबावर ढकलले. त्या संध्याकाळी प्रेमसिंग मला एवढेच म्हणाला, "मशीनचा गड्डा अन् सब्बलीचा गड्डा मले ओयखू येते काका. पन पोरीचं काम होतं, म्हून चूप राह्यलो." तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. आपण यावर सोयरीक मोडलीत तरी माझी तक्रार नाही. उद्या सकाळी मी तो खड्डा बुजवून टाकतो.

ता. क. ३ : काका, नमस्कार. मी सुरभी. बाबांनी पाकीट चिकटवायला दिलं, मी वाचलं. नलूबाई काहीही सांगोत, तुम्ही तक्रार वगैरे काही देणार नव्हता, हे रजतने मला त्याच आठवड्यात सांगितलं. दवाखान्यात जाताना गाडीतच तुम्ही म्हणालात म्हणे, "तीन पोरींच्या मांडवाचे गड्डे खोदले म्या, मले मेढीचा गड्डा ओयखू येत नाई काय?" आणि मग बाबा कधी कबूल करतात ते बघायला गप्प बसलात. मीही बाबांना काही बोलले नाही. प्रेमसिंगकाकांवरचा आळ त्यांनी स्वतः काढावा असं मला वाटत होतं. आज काढला. म्हशीचा पाय कसा आहे ते रजतला कळवायला सांगा. आणि बाबा उद्या सकाळी खड्डा बुजवायला निघणार आहेत. मी फावडं लपवून ठेवलं आहे.