आई रोज दुपारी पडते

बाबा,

आईचं कुठलंही हाड मोडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही चष्मा कपाळावर चढवून "मुद्द्यावर ये" म्हणणार. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, पण माझ्या लांबण लावण्यानं तुमचा जीव कसा मेटाकुटीला यायचा ते मी विसरलेले नाही. तर मुद्दा असा, की आई आता सेरंगून भागातल्या एका नर्सिंग होममध्ये असते. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे, जीभ तर तुम्हाला माहीतच आहे. गेला महिनाभर तिला चाकाच्या खुर्चीत पट्टा लावून बसवून ठेवलं होतं. परवा शनिवारी तो पट्टा निघाला. इतकं हलकं वाटतंय बाबा, की आज ऑफिसला सरळ दांडी मारली आणि पुंगोलच्या घरी खिडकीशी बसून हे लिहितेय.

होममध्ये जायचं तिनंच ठरवलं. आम्ही दोघं नवरा-बायको दिवसभर बाहेर, ती फ्लॅटमध्ये एकटी. एकदा बाथरूममध्ये पाय सरकून बसली ती मी येईपर्यंत तशीच बसून होती. लागलं काही नाही, पण म्हणाली, "तिथे हाक मारली तर कुणी येईल तरी." सुरुवातीचे दिवस छान गेले. आणि मग एक दिवस तिथल्या मॅनेजरबाईंचा फोन आला. तुमची आई रोज पडते, म्हणाल्या. दुपारी जेवण झाल्यावर. कुणी बघायच्या आत स्वतःच उठते. तुम्हाला कसं कळलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "तीच सांगते ना, मॅम. एव्हरी डे." तिथे रोज सगळ्यांना विचारतातच, आज कुठे पडलात का म्हणून. म्हाताऱ्या माणसाचं एक पडणं लपून राहिलं की पुढच्या पडण्यात खुबा मोडतो, असा त्यांचा अनुभव. माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

तशीच टॅक्सी करून गेले. आईला म्हटलं, "आई, तू रोज दुपारी पडतेस?" तर म्हणते कशी, "पडते की. या वयात पडायचं नाही तर काय नाचायचं?" मला वाटलं, झालं, हिनं मनाशी पडणं मान्यच करून टाकलंय. अंगावर एक ओरखडा नाही, कुठे निळं-काळं नाही, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. भीती वाटली की माणूस ठार बहिरा होतो. पट्ट्याला मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "मला का बांधलंय?" म्हटलं, "तू पडतेस म्हणून." तर संतापली. "अगं, इथे सगळ्याच पडतात! ती समोरची चिनी आजी तर जेवण व्हायच्या आधीच पडते. तिला नाही बांधलं ते?" मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, हे होम बदलायला हवं, तिथे सगळ्या म्हाताऱ्या पटापट पडतायत. हसू नका.

महिन्याभरात तिची रया गेली. पोटऱ्या सुकल्या. व्यायाम करून घेणारी मुलगी म्हणाली, हे असंच चाललं तर पाय चालणं विसरतील, मग पट्टा सोडून काही उपयोग नाही. आई माझ्याशी बोलेनाशी झाली. एकदाच म्हणाली, "गोठ्यातली गाय तरी दूध देते म्हणून बांधतात." त्या दिवशी मी एमआरटीच्या गाडीत उभी राहून रडले. शेजारच्या मुलानं उठून जागा दिली, मग तर जास्तच.

शनिवारी मी आमटी-भात घेऊन गेले. सगळं जेवली. ताट उचलायला नर्स आली, म्यानमारची आहे, हसरी पोर. तिनं रोजच्यासारखं विचारलं, "आंटी, एनी फॉल टुडे?" आणि आई कडाडली, "हाऊ टू फॉल? यू टाय मी, लाह! यू ओपन, आय फॉल. हाफ अवर ओन्ली. देन टी." असं म्हणून तिनं तळहात गालाखाली धरला आणि डोळे मिटून दाखवले.

बाबा, जुरोंग ईस्टच्या आपल्या जुन्या फ्लॅटचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर उभं राहिलं. रविवार आहे, ओट्यावर कढईत तळणाचं तेल निवतंय, आणि तुम्ही गार फरशीवर आडवे होताय. "जरा पडतो गं," म्हणताय. आई तुमचे पाय ओलांडून भांडी घासायला जाते आणि म्हणते, "पडा, पडा. मीही पडते एवढं झालं की." आपल्या घरात कुणी कधी झोपलंच नाही दुपारचं, सगळे पडायचे. आणि बाजारात मासे घेता घेता शिकलेल्या इंग्रजीत आईनं तेच सरळ फॉल करून टाकलं होतं. नर्सला समजावता समजावता मी हसत होते की रडत होते, मला ठाऊक नाही. "फॉल मीन्स स्लीप?" तिनं तोंडावर हात ठेवला. आई आमच्या दोघींकडे बघून म्हणाली, "एवढं साधं इंग्लिश कळत नाही होय तुम्हाला?"

पण गोष्ट एवढ्यावर संपली नाही. मॅनेजरबाई हसल्या, पट्टा सोडला, आणि मग गंभीर झाल्या. आधी पडत नव्हती हे खरं, पण आता महिनाभर बसून पाय कच्चे झालेत. वॉकर देऊ, पलंग खाली घेऊ, न घसरणाऱ्या तळाचे बूट देऊ, सुरुवातीला सोबत माणूस चालेल. तरी ती खरंच पडू शकते. कुटुंबाला चालेल का? त्या माझ्याकडे बघत होत्या. मला "नको" म्हणावंसं वाटत होतं. जिवंत राहू दे, बसून का होईना. तेव्हा तुम्ही आठवलात. तुमच्या कामाच्या गोदीत तुम्ही आम्हाला जहाज दाखवायला नेलं होतं, ती उभी लोखंडी शिडी. उतरताना मी आईचं कोपर घट्ट धरलं होतं आणि तुम्ही खालून ओरडलात, "सोड तिला! तू धरलंस तर तिला शिडी धरता येत नाही. दोघी याल खाली!" चारचौघांत ओरडलात म्हणून मी दिवसभर फुगून बसले होते. मॅनेजरबाईंना म्हटलं, आईलाच विचारू. आई म्हणाली, "पडणार नाही असं वचन द्यायला मी काय देव आहे? पडले तर उचला." मी म्हटलं, चालेल.

निघताना ती उठली. महिन्यानंतर पहिल्यांदा. वॉकर धरून, एक पाय, मग दुसरा, मला लिफ्टपर्यंत सोडायला आली. शेजारी नर्स होती, जरा मागे राहून. मी निघते म्हटलं तर तिथेही चूक काढलीच, "येते म्हणावं." येते, म्हटलं. लिफ्टचं दार मिटलं तेव्हा ती दोन पायांवर उभी होती आणि मला "नीट जा" म्हणत होती.

हे पत्र काही मी कुठे टाकणार नाही. पण एक सांगायचं राहिलं. खाली पोचल्यावर मी बाहेर पडलेच नाही. तिच्या मजल्याचं बटण दाबून परत वर गेले आणि दार उघडताच खांबाआड उभी राहिले. ती पाठमोरी चालत होती, हळू, माझ्या मदतीशिवाय. खोलीत शिरेपर्यंत मी बघत राहिले आणि हाक मारली नाही. तिला हे कळलं तर माझी धडगत नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुमच्याकडून ते बाहेर जाणार नाही.