शेवटच्या रकान्यातला एक

अप्पा,

तुमच्या फौंड्रीच्या जागेवर आता चारचाकी गाड्यांचं शोरूम झालं आहे. रस्त्याच्या बाजूला सगळी काचेची भिंत, आत एसी, आणि दारात एक मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून नमस्कार करतो. परवा कामानिमित्त शिरोलीला गेले होते, तेव्हा रिक्षा मुद्दाम थांबवली. रिक्षावाल्याला वाटलं, बाई गाडी बघायला आल्यात. मी म्हटलं, इथे माझ्या वडिलांची भट्टी होती. तर म्हणतो, "कसली, विटांची?" त्याचं वय बघता त्याचा काही दोष नाही. पण मला रागच आला आणि परतताना मी त्याच्याशी अवाक्षर बोलले नाही. तुम्ही गेल्याला आता बरीच वर्षं झाली. आईसुद्धा तुमच्याबद्दल बोलताना हल्ली रडत नाही, हसते. माझा राग तेवढा तुमच्यावर गेलाय, तुमच्यासारखाच मुका.

नव्वदच्या दशकातली आपल्या गडमुडशिंगीच्या घरातली संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. परड्यात बंब पेटलेला आहे, आई चुलीपुढे भाकरी थापते आहे आणि मी उंबऱ्यात बसून तुमच्या सायकलच्या आवाजाकडे कान लावलाय. तुम्ही यायचात ते कपाळापासून कोपरापर्यंत काळे. तीन तांबे पाणी अंगावर पडलं की मग त्यातून आमचे अप्पा निघायचे. जेवताना तुम्ही बोलत नव्हता. खर्डा तोंडी लावून भाकरी संपली की एकदाच विचारायचात, "आज काय शिकिवलं?" मी काहीही सांगितलं तरी तुम्ही "बरं" म्हणायचात. एकदा मी थट्टेनं सांगितलं की आज शाळेत झोपायला शिकवलं. तरीही तुम्ही "बरं" म्हणालात आणि आई हसून हसून उठून गेली.

एका सुट्टीत तुम्ही डबा विसरलात म्हणून आईनं मला शेजारच्या काकांच्या लूनावर बसवून शिरोलीला धाडलं होतं. भट्टी फोडायची, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा रस बाहेर सोडायची वेळ होती. फौंड्रीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. वीसेक माणसं वाळूच्या साच्यांपाशी रस ओतायचे लांब दांड्याचे लाडल घेऊन उभी होती, आणि सगळी एकाच ठिकाणी बघत होती. तुमच्याकडे. तुम्ही भट्टीच्या भोकातून आत बघत होता, तोंडावर ओला रुमाल बांधलेला. कुणी खोकत नव्हतं, कुणी पाय हलवत नव्हतं. मग तुम्ही एक बोट वर केलंत आणि लाल रस वाहायला लागला, तशी सगळी एकदम हलली. घरी भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा न सांगणारा माणूस इथे एका बोटावर एवढ्या लोकांना थांबवतो, हे बघून मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. नंतर कळलं की तुमची पद्धतच तशी होती. आधी तुम्ही, मग बाकीचे. पगाराची रांग असो, दसऱ्याचे पेढे असोत की मालकांशी बोलणं असो, मिस्त्री पुढे झाल्याशिवाय कुणी हलायचं नाही.

मला कामगार विम्याच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला एक पेपरवेट दिलात. फौंड्रीतच ओतलेलं, बिडाचं, चांगलं अर्ध्या किलोचं. माझ्या टेबलावरचा कागद वादळातही उडाला नसता. साहेब म्हणाले होते, मॅडम, हे पायावर पडलं तर अपघाताचा लाभ आपल्यालाच द्यावा लागेल. तुम्ही एकदा ऑफिस बघायला आलात, खुर्चीवर बसला नाहीत. मी बसते त्या खिडकीची चौकट तुम्ही हातानं चाचपून पाहिलीत आणि म्हणालात, "खिडकी बरी हाय. माणसाचं तोंड दिसतंय."

मग ते दिवस आले. ऑर्डरी कमी झाल्या, आठवड्यातून दोनदाच भट्टी लागायला लागली, मग एकदाच. मालक भला माणूस होता, तेच वाईट झालं. दुष्ट असता तर तुम्ही सगळे केव्हाच दुसरीकडे गेला असतात. तो म्हणायचा दसऱ्याला चालू करू, मग दिवाळीला, मग पाडव्याला. शेवटी रीतसर कंपनी बंद केल्याचं लिहून दिलं, कागद गेटवर चिकटवला, तरी तुम्ही सगळे रोज सकाळी समोरच्या चहाच्या टपरीवर जमायचात. कुलूप निघेल म्हणून नाही, नुसतं बसायला, असं म्हणायचात.

त्याच सुमारास, दोन हजार पाचनंतर, आमच्याकडे बेरोजगारी भत्त्याची नवी योजना आली होती. विम्याचे हप्ते भरलेल्या कामगाराचं काम कंपनी बंद पडल्यामुळे किंवा कपातीत गेलं, तर त्याला सहा महिने निम्मा पगार आणि तेवढे दिवस घरच्यांना दवाखाना. दर महिन्याला त्याचा तक्ता पुण्याला पाठवायचा. अर्ज किती आले, मंजूर किती, भत्ता घेणारे किती. मग बंद झालेले किती आणि का, म्हणजे काम मिळालं, वय झालं, मरण पावला किंवा मुदत संपली. पुण्याहून तो दिल्लीला जायचा आणि तिथे सगळ्या देशाचा एक तक्ता व्हायचा. माझं काम तो भरण्याचं. आणि मी दर महिन्याला त्यात एका ओळीत शून्यं लिहीत होते. पुण्याहून एक साहेब फोनवर हसत म्हणाले, "कोल्हापुरात सगळ्यांना काम आहे वाटतं? छान आहे तुमचं गाव." मी हो सर म्हटलं. माझ्या घरात एक बेरोजगार माणूस सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून टपरीवर जात होता, आणि मी शून्य लिहीत होते.

मला माहीत होतं की अर्ज का येत नाहीत. अर्ज भरणं म्हणजे कंपनी संपली असं स्वतःच्या हातानं लिहून देणं. ते तुम्ही करणार नव्हता, आणि तुम्ही केल्याशिवाय बाकीचे करणार नव्हते. अर्जाला मुदत होती, ती सरत चालली होती. एका रविवारी मी ताटावरच विषय काढला. समजावून सांगितलं, चिडले, शेवटी तोंडातून गेलं की मला दर महिन्याला शून्य भरावं लागतं, ऑफिसात हसतात. तुम्ही घास खाली ठेवलात. "तुझ्या कागदाला आकडा पायजे म्हणून मी बेरोजगार हुतोय व्हय?" आवाज चढला नव्हता, पण आई चुलीपाशीच थांबली. त्यानंतर महिनाभर मी ती गोष्ट काढली नाही, आणि तुम्हीही मला "आज काय केलंस" असं विचारलं नाहीत.

तुम्हाला हलवलं ते मी नाही, साच्याच्या आतले वाळूचे गाभे करतात त्या कोअर शॉपमधल्या एका उंच माणसाच्या बाळानं. साऱ्या फौंड्रीत तो सगळ्यांत लहान, नुकतं लग्न झालेला. मुलगा झाला म्हणून तुम्ही आणि आई झबलं-टोपडं घेऊन बघायला गेलात, तर बाळंतीण खाजगी दवाखान्यात, बाळ काचेच्या पेटीत, आणि हा बाहेर बाकावर डोकं धरून बसलेला. तुम्ही विचारलंत, विम्याचा दवाखाना असताना इथं कशाला? तो म्हणाला म्हणे, "अप्पा, आमचा विमा संपला की. अर्ज भरला असता तर चालू ऱ्हायला असता. पर तुमीच भरला न्हाई, मग आमी कसा भरायचा?" हे मला आईनं सांगितलं. म्हणाली, तो तक्रार करत नव्हता गं, नुसतं विचारल्याचं उत्तर देत होता. परतीच्या बसमध्ये तुम्ही तिकीट काढायचं विसरलात, कंडक्टर अंगावर आला, तरी तुमचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकी उघडली तर समोर तुम्ही. तुमच्या मागे सगळी फौंड्री. तो उंच माणूस, त्याच्या मागे मोल्डिंगला साचे भरणारे दोघे भाऊ, मागे दारापर्यंत सगळे, गुपचूप उभे. तुम्ही मला ओळख दाखवली नाहीत. "मॅडम, भत्त्याचा अर्ज द्या," म्हणालात. मलाही मग ओळख दाखवता येईना. अर्ज भरून घेताना विचारायचं असतं, म्हणून मी विचारत गेले. नाव. तुम्ही सांगितलंत. गाव, वय, कामाचं स्वरूप. घरात कोण कोण. "बायको. एक मुलगी." मुलगी काय करते हे अर्जात नसतं, पण तुम्ही आपणहून म्हणालात, "नोकरीला हाय." मागे कुणीतरी हसलं आणि तुम्ही वळून बघितल्यावर गप्प झालं. काम कशामुळे गेलं, या ओळीवर मी थांबले. तुम्ही खिडकीच्या चौकटीवर हात ठेवलात. "कंपनी बंद पडली. लिवा," म्हणालात, आणि सही केलीत. तुमच्या सहीला नेहमी वेळ लागायचा, त्या दिवशी फारच लागला. मग बाजूला झालात आणि उंच माणसाला नुसती मान हलवून पुढे बोलावलंत. दुपारपर्यंत रांग चालली. साहेबांनी स्वतः उठून बाळाच्या दवाखान्याचं काम त्याच दिवशी मार्गी लावलं. बाळ वाचलं. आता इंजिनियरिंगला आहे.

त्या महिन्याचा तक्ता मी तीनदा तपासला. पुण्याच्या साहेबांचा फोन आला, "अरे, हे काय एकदम? काय झालं तिकडे?" मी सांगितलं, कंपनी बंद पडली सर.

मग पुढचे महिने शेवटच्या रकान्यांचे. एकेकाला काम लागत गेलं तसा तो खिडकीशी येऊन सांगून जायचा. कुणी उद्यमनगरात लागला, कुणी कबनूरला मेव्हण्याच्या यंत्रमागावर, दोघे भाऊ थेट पुण्याला गेले. भत्ता घेणारे कमी होत होते आणि काम मिळालेले वाढत होते, आणि तो तक्ता भरायला मला इतकं आवडायचं की मी महिनाअखेरची वाट बघायचे. पाचव्या महिन्यात तो उंच माणूस पेढे घेऊन आला. शिरोलीतल्याच दुसऱ्या फौंड्रीत लागला होता, भट्टीवर. मी म्हटलं, तुम्ही तर कोअरचे. तो जरा घुटमळला. "ताई, जागा अप्पांसाठीच आलती. मालकानं घरी माणूस धाडलावता. अप्पांनी मलाच पुढं केलं, आणि आठ दिवस भट्टी शिकिवली."

तुम्ही घरी काहीच सांगितलं नव्हतं. मी संध्याकाळी विचारलं तेव्हा तुम्ही परड्यात सायकलच्या चेनला तेल घालत होता. मी म्हटलं, अप्पा, आता एकच महिना राहिलाय भत्त्याचा, मग काय करणार? तुम्ही मान वर केली नाहीत. "त्येचं पोर ल्हान हाय. त्येला कोण हाय?" आणि मग, पेडल फिरवून बघत, "मला काय हुतंय? माझी पोरगी हाय की."

सहाव्या महिन्याचा तक्ता भरला. मुदत संपली, पुढे एक. बाकी सगळे आधीच ‘काम मिळालं’च्या रकान्यात गेले होते. साहेब सही करताना म्हणाले, एक बिचारा राहिलाच की हो. मी तक्ता पाकिटात घातला. पुढे पुण्याला एका बैठकीत देशाचा तक्ता पडद्यावर दाखवला, तेव्हा एक अधिकारी त्या शेवटच्या रकान्याकडे काठी करून म्हणाले, ह्या लोकांना काम मिळत नाही कारण ह्यांच्याकडे कौशल्य नाही. त्या आकड्यात तुम्ही कुठेतरी होता, अप्पा, लाखात नाहीतर हजारात मिसळलेले. मी हात वर करणार होते. पण बोलायला लागले असते तर रडले असते, आणि सरकारी बैठकीत ते बरं दिसत नाही.

आता हे एवढं लांबलचक लिहिलं, आणि धाडणार कुठे? तुम्ही असतात तर दोन ओळी वाचून "बरं" म्हणाला असतात. तरी एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, ती इथे लिहिते. त्या संध्याकाळी परड्यात तुमचं ते "माझी पोरगी हाय की" ऐकून मी घरात गेले, तेव्हा आईला वाटलं मी रडतेय, म्हणून तिनं दिवा लावायचा थांबवला. मी रडत नव्हते, अप्पा. तुमचं काम गेलं होतं, पुन्हा लागायचं नव्हतं, आणि मला इतका आनंद झाला होता की तो लपवायला मला अंधार हवा होता.